सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती : आधी बिघाडाची जागा, मग खर्चाची वाटणी

ठाण्यात नौपाडा, चरई, उथळसर, कोपरी अशा जुन्या भागांत किंवा नवी मुंबईत वाशी-नेरुळच्या सुरुवातीच्या सिडको वसाहतींत ज्यांनी नुकतेच घर घेतले आहे, त्यांना पहिल्याच पावसाळ्यात कळून चुकते की, खरेदीखतात घर स्वतंत्र असले तरी त्याचे सांडपाणी स्वतंत्र नाही. मागच्या घराचे पाणी आपल्या अंगणाखालून जाते, आपले पुढच्या घराखालून जाते, आणि ही लाइन कोणी, केव्हा व कोणाच्या परवानगीने टाकली हे सांगू शकणारी पिढी बहुतेक ठिकाणी आता राहिलेली नाही. लाइन चालू असेपर्यंत तिची आठवण कोणालाच होत नाही. ती तुंबली की ज्याच्या दारात घाण वर येते तो ओरडतो आणि ज्याच्या दारात येत नाही तो दार लावून घेतो.

अशा तंट्यांत एक गफलत ठरलेली असते. घाण कोणाच्या दारात आली यावरून जबाबदारी ठरवली जाते. वास्तविक ती ठरायला हवी, बिघाड झालेल्या तुकड्यातून कोणाकोणाचे पाणी वाहते यावरून. म्हणून आधी लाइन समजून घ्यावी, मग बिघाडाची नेमकी जागा सर्वांसमक्ष शोधावी, त्यानंतर पैशांचे बोलावे आणि कुदळ सर्वांत शेवटी उचलावी. हा क्रम उलटला की दुरुस्तीचा खर्च एकाच्या गळ्यात पडतो आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो.

लाइन समजून घेणे

एका कोऱ्या कागदावर आपल्या व शेजारच्या घरांचा ढोबळ नकाशा काढावा आणि दिसतील तेवढी चेंबरची झाकणे त्यावर मांडावीत. जुन्या बांधकामात सहसा दोन प्रकारचे पाइप वेगवेगळे उतरलेले असतात. संडासाचा पाइप थेट चेंबरमध्ये जातो, तर मोरीचे आणि स्वयंपाकघराचे पाणी आधी गली ट्रॅपमध्ये पडते, म्हणजे जाळी असलेल्या त्या लहान हौदीत, जिच्यात कायम साचून राहणारे पाणी चेंबरमधला वास घराकडे येऊ देत नाही. गली ट्रॅप कोरडा पडला किंवा फुटला तरी वास येतो, आणि पुष्कळांना लाइन तुंबल्याचा भास होतो. तेव्हा वास हीच एकमेव तक्रार असेल तर आधी गली ट्रॅपमध्ये व नहाणीच्या जाळीखालच्या तशाच हौदीत, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, बादलीभर पाणी ओतून पाहावे. महिनाभर बंद राहिलेल्या घरात एवढ्यानेच काम भागते.

कोणाचा पाइप कोणत्या चेंबरला मिळतो हे पाहण्यासाठी रंगाची चाचणी पुरेशी आहे. एका घरातील संडासात खाण्याचा गडद रंग कालवलेले दोन बादल्या पाणी सोडावे आणि पुढच्या चेंबरवर एकाने लक्ष ठेवावे. दुसऱ्या घरासाठी दुसरा रंग घ्यावा. ही चाचणी साधी असली तरी तिचे निष्कर्ष कधीकधी सर्वांनाच चकित करतात, कारण वीस-तीस वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने बांधलेल्या दुसऱ्या मोरीचे पाणी भलत्याच लाइनीला जोडलेले निघते.

कागदोपत्री शोध घ्यायचा असेल तर इमारतीचा मंजूर नकाशा ठाण्यात महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे आणि नवी मुंबईत महापालिकेच्या नगररचना विभागाकडे किंवा सिडकोकडे मागता येतो. सरळ मिळत नसेल तर दहा रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झाली, त्यामुळे त्याआधीच्या बांधकामांची कागदपत्रे दुसऱ्याच यंत्रणेच्या नावाने असण्याची तयारी ठेवावी. नकाशा मिळाला तरी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जमिनीखाली काय आहे हे शेवटी रंगाचे पाणीच सांगते.

बिघाड नेमका कुठे आहे

चेंबर वाचण्याचा नियम सोपा आहे. भरलेले चेंबर आणि त्याच्या पुढचे रिकामे चेंबर या दोघांच्या मध्ये अडथळा असतो. सर्वांत वरच्या घरापासून रस्त्याकडे एकेक झाकण उघडत जावे. जिथे पाणी तुंबलेले दिसते त्याच्या पुढचे झाकण उघडल्यावर आत नुसता ओला तळ दिसला तर जागा सापडली. शेवटी महापालिकेच्या मलवाहिनीचे रस्त्यातले चेंबर पाहायचे असते, पण ते स्वतः उघडू नये. प्रभाग समितीच्या किंवा विभाग कार्यालयाच्या मलनिःसारण कर्मचाऱ्यांना बोलावून त्यांच्याकडून उघडून घ्यावे. ते काठोकाठ भरलेले असेल तर बिघाड पुढे, महापालिकेच्या वाहिनीत आहे आणि घरमालकांनी एक रुपयाही खर्च करण्याचे कारण नाही. ते वाहते असेल आणि आपले शेवटचे चेंबर मात्र भरलेले असेल, तर मधला जोडणीचा तुकडा खासगी आहे आणि तो मोकळा करणे, तो रस्त्याखालून जात असला तरी, घरमालकांकडेच येते. नवख्या लोकांना हे अन्यायाचे वाटते, परंतु खासगी जोडणीचा अर्थच तो आहे.

अडथळा सापडला म्हणजे कारण सापडले असे नव्हे. दोन चेंबरच्या मधली लाइन साफ झाल्यावर एका चेंबरमध्ये बॅटरीचा झोत सोडावा आणि दुसऱ्या चेंबरमध्ये काठीला बांधलेला लहान आरसा धरून आत पाहावे. पूर्ण गोल उजेड दिसला तर लाइन सरळ आणि सलग आहे. अर्धचंद्र दिसला तर मधे पाइप खचला आहे. उजेड दिसतो पण त्याच्या कडेला केसांसारखे काहीतरी लोंबते आहे, असे असेल तर ती पिंपळाची किंवा उंबराची मुळे समजावीत. जुन्या भाजलेल्या मातीच्या पाइपांचे, ज्यांना प्लंबर चिनीमातीचे पाइप म्हणतात, सिमेंटचे सांधे तडकले की ओलाव्याच्या ओढीने मुळे तिथूनच आत शिरतात. लाइन लांब असेल किंवा मधे वळण असेल तर कॅमेरा आत सोडून तपासणी करणारे कंत्राटदार मिळतात. त्यांचे चित्रण मोबाइलवर मागून घ्यावे, कारण पुढे पैशांच्या बैठकीत ते शंभर युक्तिवादांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

आणखी एक कारण ठाणे-नवी मुंबईत वारंवार दिसते. रस्त्यावर थरावर थर चढत जातो, रस्ता उंच होतो आणि जुनी अंगणे खाली राहतात. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस पडला आणि महापालिकेची वाहिनी तुडुंब भरली की पाणी सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर पडते, आणि ते तोंड आता रस्त्यावरचे चेंबर नसून तळमजल्यावरची नहाणी असते. वाशीसारख्या सखल भागात हे विशेष जाणवते. अशा ठिकाणी लाइन कितीही साफ केली तरी त्रास पुन्हा होतो. तिथे तळमजल्याची जोडणी वरच्या मजल्यांपासून वेगळी करून तिच्यावर पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. तो व्हॉल्व्ह बंद असताना आपलेही पाणी बाहेर जात नाही, हे घरातल्या सर्वांना आधी सांगून ठेवावे.

साफसफाईसाठी बांबूच्या कामट्या, सळ्या किंवा पाण्याच्या दाबाचे जेटिंग वापरले जाते. जुन्या मातीच्या पाइपांत पूर्ण दाबाने जेटिंग करू देऊ नये, कारण सैल झालेले सांधे त्यामुळे पार निखळतात. दुकानात मिळणारे संडास धुण्याचे ॲसिड लाइनीत ओतण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी. त्याने सिमेंटचे सांधे खाल्ले जातात, आणि त्यापाठोपाठ कोणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू तयार होतो.

चेंबरमध्ये माणूस उतरवू नये

हे स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. खोल चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवून सफाई करून घेणे हा २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि काम सांगणारी सोसायटी किंवा घरमालक यातून सुटत नाहीत. गटारातील मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये केली. कायदा बाजूला ठेवला तरी कारण स्पष्ट आहे. आत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून उतरलेला माणूस वर येत नाही आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही येत नाही. “आमचा नेहमीचा माणूस आहे, दोन मिनिटांत काढतो” असे कोणी म्हणाले तर ठाम नकार द्यावा आणि नळीने मैला ओढून घेणारी सक्शन गाडी मागवावी.

जबाबदारी कोणाची

याचे उत्तर घराच्या प्रकारावर अवलंबून आहे, आणि शेजाऱ्यांशी बोलण्यापूर्वी आपण नेमके कोणत्या प्रकारात बसतो हे पाहून घ्यावे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत प्रश्न तुलनेने सोपा असतो. आदर्श उपविधींनुसार सामाईक ड्रेनेज लाइन, सेप्टिक टाकी, बाहेरचे पाइप आणि त्यांतून होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते, तर सदनिकेच्या आतील संडास, मोरी, सिंक यांमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाची असते. व्यवहारात सीमारेषा अशी मानावी की, फक्त आपल्याच घराचे पाणी वाहून नेणारा पाइप उभ्या सामाईक पाइपाला मिळेपर्यंत आपला, आणि मिळाल्यानंतर सर्वांचा. वरच्या मजल्याचा नहाणी ट्रॅप खालच्या मजल्याच्या संडासात छताला लोंबताना दिसतो म्हणून तो खालच्याचा होत नाही. संस्था “निधी नाही” असे म्हणत असेल, तर बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी व ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, गोळा करण्याची तरतूद उपविधींत आहे, आणि तो गोळा झाला आहे का हे विचारण्याचा सभासदाला पूर्ण अधिकार आहे. तळमजल्यावरील सभासदाला त्रास होतो म्हणून त्यानेच खर्च करावा, असा ठराव काही ठिकाणी बिनदिक्कत मांडला जातो. त्याला लेखी हरकत नोंदवावी.

सिडकोच्या काही वसाहतींत सहकारी संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील सदनिकाधारकांची संघटना असते. तिथे सामाईक खर्चाचे प्रमाण घोषणापत्रात, म्हणजे या कायद्याखाली इमारतीसाठी केलेल्या दस्तात, दिलेल्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे (सामाईक भागातील प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे) ठरते, म्हणून घोषणापत्राची प्रत आधी मिळवावी.

चाळीत भाडेकरू असाल तर घर दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य मालकाचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार भाडेकरूंनी एकत्र किंवा एकट्याने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करता येतो. मात्र एका वर्षात वजा करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक असू शकत नाही. जुन्या पागडीच्या खोल्यांचे भाडे इतके तुटपुंजे असते की हा चौथा हिस्सा एखाद्या झाकणाच्या किमतीलाही पुरत नाही. तरीही नोटीस अवश्य द्यावी, कारण पुढच्या प्रत्येक कार्यालयात पहिला प्रश्न तिचाच येतो. इमारत महापालिकेने सी-१ म्हणजे अतिधोकादायक म्हणून जाहीर केली असेल, तर लाइनवर पैसे घालण्याआधी तिथे किती दिवस राहायचे आहे याचा विचार करावा.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण म्हणजे वाडीतली स्वतंत्र घरे व रो-हाउस, जिथे मालक वेगवेगळे, संस्था नाही आणि लाइन मात्र एक. इथे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक वापर करण्याच्या हक्काचा कायदा, उपयोगी पडतो. एखाद्याची लाइन दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्काच्या नात्याने व खंड न पडता चालू असेल, तर लाइन तिथून नेण्याचा हक्क प्रस्थापित होऊ शकतो. ज्याला असा हक्क आहे त्याला दुरुस्तीसाठी शेजाऱ्याच्या जमिनीत प्रवेश करता येतो. पण काम शेजाऱ्याला कमीत कमी त्रास होईल अशा वेळी व अशा रीतीने करायचे, झालेले नुकसान शक्य तितके भरून द्यायचे आणि खर्च हक्क वापरणाऱ्याने करायचा, असे हाच कायदा सांगतो. ज्याच्या जमिनीतून लाइन जाते त्याच्यावर ती दुरुस्त करण्याचे बंधन नाही. त्याने ती अडवू नये, एवढेच. अंगणात लाइन आहे म्हणून दुरुस्ती अंगणवाल्याची, हा सर्वत्र ऐकू येणारा दावा त्यामुळे टिकत नाही.

वाटणीचे उदाहरण घेऊ. ओळीने चार घरे आहेत. पहिले सर्वांत आत आणि चौथे रस्त्यालगत. तिसऱ्या व चौथ्या घराच्या चेंबरमधला तुकडा खचला आहे आणि त्याला तीस हजार रुपये लागणार आहेत. त्या तुकड्यातून पहिल्या तीन घरांचे पाणी जाते, म्हणून प्रत्येकी दहा हजार. त्याच वेळी चौथ्या घरापासून महापालिकेच्या चेंबरपर्यंतचा तुकडाही बदलायचा ठरला आणि त्याला वीस हजार लागले, तर तिथे चौघांचे पाणी असल्याने प्रत्येकी पाच हजार. एकूण हिशेबात आतल्या तिघांना पंधरा-पंधरा हजार आणि चौथ्याला पाच हजार येतात. सरसकट वाटणी केली असती तर प्रत्येकी साडेबारा हजार आले असते. पहिली पद्धत न्यायाची आहे, दुसरी लवकर संपणारी आहे. फरक इतकाच असेल आणि चौथा स्वखुशीने तयार असेल तर सरसकट वाटणी करून मोकळे व्हावे, असे माझे मत आहे. मात्र ज्याचे अंगण खोदले जाणार आणि ज्याच्या दारात आठवडाभर मातीचा ढीग पडणार त्याच्याकडून जादा पैशांची अपेक्षा हक्काने करू नये.

शेजाऱ्यांशी बोलणे

पहिले बोलणे पैशांचे असू नये. “काका, येत्या रविवारी सकाळी आपण सगळे मिळून चेंबर उघडून बघू या का? प्लंबरला मी बोलावतो,” एवढेच म्हणावे. जुन्या वस्तीत वयाने व वास्तव्याने ज्येष्ठ असलेल्या व्यक्तीकडे आधी जावे आणि पूर्वी काम कधी झाले होते, लाइन कुठून वळवली होती हे त्यांनाच विचारावे. त्यांना ते बहुधा ठाऊक असते, आणि ज्याला विचारले जाते तो माणूस पुढे अडवणूक करण्याची शक्यता कमी होते. व्हॉट्सॲपच्या गटावर तुंबलेल्या चेंबरचे छायाचित्र टाकून “हे कोणाचे?” असे विचारणे मात्र टाळावे. त्याला उत्तर कोणीच देत नाही, पण प्रत्येकाला ते आपल्याला उद्देशून वाटते.

चेंबर उघडताना संबंधित प्रत्येक घरातील एक जण हजर असावा. समोर दिसलेल्या गोष्टीवर फारसा वाद होत नाही. किमान दोन कंत्राटदारांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि त्यात खोदाई, पाइप, चेंबरची डागडुजी, डेब्रिज उचलणे व वरची फरशी पूर्ववत करणे हे वेगवेगळे लिहून घ्यावे. शेवटच्या दोन बाबी वगळून स्वस्त दर सांगण्याची पद्धत आहे आणि भांडणे त्याच दोन बाबींवरून होतात. त्यानंतर एका कागदावर बिघाडाची जागा, कामाचे स्वरूप, प्रत्येकाचा हिस्सा, पैसे कोणाकडे जमा होणार आणि पुढील देखभाल कशी करणार हे लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कोणी आपल्या जमिनीतून नव्याने लाइन नेऊ देत असेल तर साधा कागद पुरेसा नाही. तो कायमचा हक्क ठरतो, म्हणून वकिलाकडून दस्त करून दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी करावी.

एक शेजारी पैसे द्यायला तयार नसेल आणि बाकीचे तयार असतील, तर पावसाळा तोंडावर असताना त्याच्यासाठी काम थांबवू नये. काम सुरू होण्यापूर्वी त्याला अंदाजपत्रकाची प्रत स्पीड पोस्टाने पाठवावी, हिस्सा कळवावा आणि वसुलीचा हक्क राखून काम करीत आहोत असे लिहावे. पुष्कळदा नकारामागे पैशांची अडचण असते, जी चारचौघांत सांगता येत नाही. एकट्याने भेटून हप्त्यांची तयारी दाखवली की गाठ सुटते.

फरशीखाली गेलेले चेंबर

रो-हाउस आणि तळमजल्याच्या सदनिकांतला हा खरा कळीचा प्रश्न आहे. पुढची किंवा मागची मोकळी जागा बंद करून स्वयंपाकघर वाढवलेले असते आणि सामाईक चेंबर त्याच्या फरशीखाली, क्वचित ओट्याखालीही, गेलेले असते. ज्याने हे बांधकाम केले त्याने घर विकलेले असते, आणि आजच्या मालकाला चेंबरचा पत्ताच नसतो. त्याच्या घरात शिरून फरशी फोडण्याची मागणी केली की तो बिथरणारच, शिवाय वाढीव बांधकामाची तक्रार होईल ही धास्ती त्याला असते. इथे महापालिकेचे नाव घेऊन दम देणे सोपे आहे, पण त्यानंतर त्या घरात सहजासहजी प्रवेश मिळत नाही.

त्यापेक्षा दोन पर्याय घेऊन जावे. पहिला, फरशी एकदाच काढून चेंबरवर फरशीच बसवता येईल असे खोलगट, घट्ट बसणारे झाकण लावणे, म्हणजे पुढच्या वेळी तोडफोड लागणार नाही. या झाकणाचा व फरशीचा खर्च सर्वांनी मिळून करावा. दुसरा, उतार मिळत असेल तर लाइन घराबाहेरून वळवून नवीन चेंबर बांधणे आणि जुने चेंबर भरून बंद करणे. दुसरा पर्याय महाग आहे, पण ज्याच्या स्वयंपाकघराखाली चेंबर आहे तो त्यासाठी आपणहून अधिक हिस्सा द्यायला बहुधा तयार होतो, कारण विक्रीच्या वेळी घराची किंमत त्याचीच वाढते. दोन्ही पर्याय नाकारले गेले तरच लेखी तक्रारीचा मार्ग घ्यावा.

प्रत्यक्ष काम

काम दिवाळीनंतर ते मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावे. पावसाळ्यात रस्ता खोदण्याची परवानगी सहसा मिळत नाही, आणि खासगी जोडणी महापालिकेच्या मलवाहिनीला नव्याने मिळवायची असेल तर तिची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

नवीन पाइप चार इंची असेल तर उतार ४० फुटांत एक फूट आणि सहा इंची असेल तर ६० फुटांत एक फूट धरावा. म्हणजे तीस फुटांच्या लाइनीला अनुक्रमे नऊ आणि सहा इंच. मिस्त्री हा उतार नजरेने देतो म्हणाला तरी पाण्याच्या पारदर्शक नळीने दोन्ही टोकांची पातळी मोजून घ्यावी. उतार कमी पडला तर मैला बसतो. पाइप खालच्या टोकापासून वर टाकत यावे आणि त्यांचे रुंद तोंड प्रवाह येतो त्या दिशेला ठेवावे. खाली वाळूची किंवा बारीक मुरुमाची गादी असावी. दगडावर टेकलेला पाइप वरून माणसे चालली तरी कालांतराने फुटतो. नवा पीव्हीसी पाइप जुन्या मातीच्या पाइपाला जोडताना नुसते सिमेंट थापू नये, कारण ते पीव्हीसीला धरत नाही. रबरी जोड वापरावा. प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक मिळणीवर चेंबर हवे, त्याच्या तळाशी अर्धगोल नाली आणि दोन्ही बाजूंना तिच्याकडे उतरणारा गुळगुळीत सिमेंटचा उतार हवा. सपाट तळाचे चेंबर बांधून दिले तर ते नाकारावे.

काम चालू असताना वरच्या घरांनी पाणी सोडायचे नसते, आणि नियोजन इथेच कोलमडते. खड्ड्यात माणूस वाकून सांधा बसवीत असताना वरून कोणीतरी फ्लश ओढतो. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक घरी जाऊन वेळ सांगावी, घरकाम करणाऱ्या ताईंनाही सांगावी, आजारी किंवा वृद्ध माणसे असलेल्या घरांसाठी जवळच्या घरातील संडासाची सोय करावी आणि त्या वेळेपुरता वरच्या टाकीचा व्हॉल्व्हच बंद करावा.

माती लोटण्यापूर्वी पाण्याची चाचणी झालीच पाहिजे. खालचे टोक गोणपाट व मातीने किंवा हवेच्या फुग्याने घट्ट बंद करावे, वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरून पातळीवर खडूने रेघ मारावी आणि अर्ध्या तासाने पाहावे. पातळी ठळकपणे उतरली तर एखादा सांधा गळतो आहे. कंत्राटदाराला शेवटचा हप्ता या चाचणीनंतर, आणि फरशी पूर्ववत झाल्यावरच द्यावा. उघड्या लाइनची छायाचित्रे भिंतीपासूनचे अंतर दिसेल अशा रीतीने, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावीत.

छपराचे पावसाळी पाणी या लाइनीला जोडण्याचा मोह टाळावा. सांडपाण्याची लाइन त्या पाण्याच्या हिशेबाने केलेली नसते आणि पहिल्याच जोरदार सरीत खालच्या घरात पाणी वर येते.

तडजोड झालीच नाही तर

संस्थेने दुरुस्ती टाळली तर लेखी अर्ज, त्यानंतर सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाकडे तक्रार आणि वाद कायम राहिल्यास सहकारी न्यायालय असा मार्ग आहे. मैला उघड्यावर वाहत असेल तर महापालिकेच्या आरोग्य व मलनिःसारण विभागांकडे तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा; महापालिका संबंधित मालकांना नोटीस देऊ शकते. सार्वजनिक उपद्रव होत असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. स्वतंत्र मालकांमधला हक्काचा वाद दिवाणी न्यायालयात जातो आणि तिथे वर्षे लागतात, म्हणून त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल करण्यापूर्वीच्या, मध्यस्थीची विनंती करावी. पोलीस ठाण्यात धाव घेतल्यास प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगून परत पाठवले जाण्याची शक्यता अधिक. मारहाण किंवा धमकी झाली असेल तर गोष्ट वेगळी. चाळमालकाने संडासाची किंवा सफाईची सोय मुद्दाम बंद केली असेल तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ खाली न्यायालयाकडे दाद मागता येते.

काम पार पडल्यावर लाइनचा नवा नकाशा, छायाचित्रे, सह्यांचा कागद व कंत्राटदाराची पावती यांची एकेक प्रत प्रत्येक घरात राहील असे पाहावे. दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात सर्व झाकणे उघडून कामट्या फिरवून घ्याव्यात आणि त्याची वर्गणी त्याच वेळी गोळा करावी. घर भाड्याने देताना किंवा विकताना नकाशाची प्रत नव्या माणसाच्या हाती द्यावी, आणि कोणाच्या घरी फरशीचे काम निघाले तर कारागीर सिमेंटची घमेली व टाइल कापल्याचा गाळ नहाणीत धुणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.